बटणवाला प्रीअँप

राघो गोदडीत गुंडाळलेला डबा कवेत धरून लिफ्टमधून बाहेर आला, तोवर जितेंद्रची पसंती नापास झाली होती.

जितेंद्रने शनिवारी ग्रँट रोडच्या दुकानातून दोन डबे ऐकून बघण्याच्या बोलीवर आणले होते. मोठा व्हॉल्व्ह अँप्लिफायर, वर चार काचेचे व्हॉल्व्ह, चालू केले की आतून नारिंगी पेटणारे. दुसरा लहान, प्रीअँप. रेकॉर्डच्या सुईतून येणारा बारीकसा आवाज मोठ्या डब्याला उचलता येईल इतका तो करून द्यायचा. त्याच्यावर आवाज कमीजास्त करायचं एकच बटण, बाकी सगळं चकचकीत आणि कोरं. दिवाळीत गुणवंत चेऊलकरांनी थोरल्या मुलाला म्हटलं होतं, "तुझ्या बँकेतल्या हुशारीचा काही उपयोग असला तर मला एक व्हॉल्व्हचा सेट बघून दे. आहे तो मेलाय." अडतीस वर्षांत वडिलांनी जितेंद्रकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. फेब्रुवारीपर्यंत तो दुसरं काही वाचत नव्हता, दुसरं काही बोलत नव्हता.

"वॉर्म आहे अण्णा," तो सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाला.

"वॉर्म म्हणजे काय? अँप आणलास की इस्त्री?" गुणवंतांनी सुई उचलली. "बाई गातायत एवढं कळतंय. पण चार रजया पांघरून गातायत. तानपुरा कुठाय? तारांची ती झणझण कुठाय? या रेकॉर्डवर बाईंच्या बांगड्यासुद्धा ऐकू यायच्या मला."

"मला आल्या की बांगड्या ऐकू," रुचिता म्हणाली.

"तुला बांगड्याच ऐकू येणार," सासरे म्हणाले.

रुचिताने हातातला कप खाली ठेवला. बारा वर्षांच्या संसारात तिला एक गोष्ट पाठ झाली होती. या घरात गाण्यावर मत एकाच माणसाला असतं, बाकीच्यांना मार्क मिळतात. तिला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात शून्य मिळालं होतं आणि त्याने तिची मोठी सोय झाली होती. मीरा रोडच्या त्यांच्या घरी ती हवी ती गाणी हव्या त्या आवाजात लावायची. जितेंद्रचं मात्र तसं नव्हतं. त्याला अजून मार्क हवे होते. दोन डबे पुढ्यात मांडून हा अडतीस वर्षांचा माणूस परीक्षेच्या निकालाला आल्यासारखा बसला होता, आणि रुचिताला त्याची दया येण्याऐवजी राग येत होता.

बेल वाजली. धाकट्या स्वप्नीलने दार उघडलं.

"या राघोदादा. अण्णा, मी म्हटलं होतं ना, पेणकरपाड्याचे. स्वतः बनवतात."

"म्हणजे लग्नाच्या मांडवातले स्पीकरवाले?" जितेंद्रने विचारलं.

"मांडव, गणपती, सभा," राघोने शांतपणे सांगितलं. "जिथं बोलावतील तिथं." तो पन्नाशीचा, अंगाने वाळका माणूस होता. त्याने गोदडी सोडली. आत राखाडी पत्र्याचा लहानसा प्रीअँप होता, कडेला वेल्डिंगचे डाग, पुढे तीन काळी बटणं. एक आवाजाचं, एक बासचं, एक ट्रेबलचं.

गुणवंतांनी चष्मा कपाळावर चढवून तो पाहिला. "बटणं?"

"हाय ना. जाड आवाज, बारीक आवाज, दोन्ही वरखाली करता येतो."

"अहो, ही बटणं पानाच्या गादीवरच्या टेपला असतात. बाईंनी जे गायलं ते रेकॉर्डवर आहे. ते जसंच्या तसं यायला हवं. ज्याला गाणं कळत नाही त्याला बटणं लागतात. आमटीत ज्याने त्याने आपल्या जिभेप्रमाणे मीठ घालायचं नसतं."

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या अनसूयाबाईंनी हे ऐकलं. आमटी चाखायच्या आधी मीठ घेणारा त्या घरात एकच माणूस होता. अनसूयाबाईंना बोलायचं होतं ते वेगळंच, आणि ते दीड वर्ष राहून गेलं होतं. फोन हल्ली त्याच घ्यायच्या. कुकरची शिट्टी झाली तरी हे पेपरातून मान वर काढत नसत. सेटची सुई तीनदा बदलून झाली, स्पीकर बदलून झाले, जुना अँप भंगारात गेला. प्रत्येक वेळी हे म्हणाले, "हाही बोगस." कोणी उलट काही म्हणायची सोय नव्हती. नवघरच्या श्रवण मंडळाचे हे तेरा वर्षं अध्यक्ष. ज्यांच्या कानाबद्दल नालासोपाऱ्यापर्यंत लोक बोलत, त्यांना ऐकू येत नाही असं बायकोने कोणत्या तोंडाने सांगायचं?

"आणलाय तर लावून बघू," स्वप्नील म्हणाला आणि वडील नको म्हणायच्या आत त्याने वायरी काढल्या. मोठा डबा जितेंद्रचा तोच ठेवला. प्रीअँप फक्त बदलला.

स्वप्नील काशिमीऱ्याच्या स्टुडिओत मालिकांचा आवाज रेकॉर्ड करायचा. "सासवा-सुनांचं रडणं पकडतो," असं वडील पाहुण्यांना सांगत. कानावर पोट असल्यामुळे त्याला हे आईच्याही आधी कळलं होतं. वडिलांना बारीक आवाज येत नाहीत. स, श, त येत नाहीत. तानपुऱ्याची झणझण येत नाही. त्यावर त्याने काय केलं? काही नाही. उलट जानेवारीत मंडळाची गाण्याची स्पर्धा झाली, तेव्हा वडील परीक्षकाच्या खुर्चीत बसलेले असताना तो माइकचे आवाज जुळवायच्या मिक्सरवर गप्प बसून राहिला. आता त्याने आपल्या मते मार्ग काढला होता. ट्रेबलचं बटण असलेला डबा घरात येईल, वडील खूश होतील, कोणाला काही बोलावं लागणार नाही.

राघो डब्यापाशी उकिडवा बसला. सुई टेकली. बाईंचा आवाज सुरू झाला. राघो रेकॉर्डकडे बघत नव्हता, गुणवंतांच्या चेहऱ्याकडे बघत होता. त्याने ट्रेबलचं बटण हळूहळू उजवीकडे नेलं. अर्ध्यावर. आणखी पुढे. पार शेवटपर्यंत.

रुचिताच्या दातांत कळ गेली. खोलीभर कोणी स्टीलच्या ताटावर चमचा ओढतंय असं वाटत होतं. तानपुरा तर पत्र्याचा झाला होता. जितेंद्रने कपाळाला आठ्या घातल्या आणि हसू दाबलं. संपला हा मांडववाला, त्याने मनात म्हटलं.

गुणवंतांनी डोळे मिटले होते. त्यांची बोटं मांडीवर चालू लागली.

"हा!" ते म्हणाले. "हा तानपुरा!"

रुचिताने जितेंद्रकडे पाहिलं.

"अनसूया, ऐकतेस? बांगड्या! अगं, बांगड्या आल्या!" त्यांचा आवाज चिरकला. त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते ओले होते, आणि त्या ओल्या डोळ्यांनी ते थोरल्याकडे वळले. "बघ. शीक जरा. चार महिने कॉम्प्युटरवर वाचून तू ठोकळा आणलास, आणि या माणसाने पेणकरपाड्यात बसून पत्र्याच्या डब्यात बाई जिवंत केल्या. याला कान आहे. तुला नव्हता, नाही आणि असणारही नाही. तू चौदा वर्षांचा होतास तेव्हाच मी तुझ्या तबल्याच्या मास्तरांना सांगितलं होतं, फुकट वेळ घालवू नका."

जितेंद्रचं हसू गेलं. तो उठून राघोच्या शेजारी आला. त्याची नजर ट्रेबलच्या बटणावरच्या पांढऱ्या रेघेवर गेली. रेघ पार टोकाला होती. त्याने स्वप्नीलकडे पाहिलं. स्वप्नीलने मान खाली घातली. मग आईकडे पाहिलं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. जितेंद्रच्या डोक्यात एकदम सगळं जुळलं. तीन सुया. स्पीकर. "हाही बोगस."

"अण्णा," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "एकदा डोळे मिटून परत ऐकता का? दोन्ही प्रीअँप. आधी माझा लावतो."

"दादा, नको," स्वप्नील म्हणाला.

"का? परीक्षाच करायची ना? नीट करू."

गुणवंतांनी तुच्छतेने हात हलवला आणि डोळे मिटले. जितेंद्रने वायरी हलवल्याचा खडखडाट केला, पण एकही वायर काढली नाही. त्याने ट्रेबलचं बटण मधोमध आणलं आणि सुई टेकली. बाईंचा आवाज स्वच्छ, भरलेला आला. तानपुरा मागे दरवळत होता. रुचिताला वाटलं, आजच्या दिवसातला हा सर्वांत सुंदर आवाज.

"बंद कर," गुणवंत म्हणाले. "हा तुझाच. मेलेला."

"उघडा डोळे."

गुणवंतांनी डोळे उघडले. पाहिलं. राखाडी डबा जागेवर होता आणि चकचकीत डबा टेबलावर एकटाच होता, त्याच्या वायरी लोंबत होत्या.

"डबा यांचाच आहे अण्णा. मी फक्त बटण जागेवर आणलं. मघाशी ते पार टोकाला होतं. आम्हाला सगळ्यांना कानात बोटं घालावीशी वाटत होती आणि तुम्ही रडत होतात." जितेंद्रचा आवाज आता मऊ राहिला नव्हता. "कान नाही कोणाला? बोला ना! तुमच्या त्या बायकोच्या, सुनेच्या, पोरांच्या कानाला मार्क देणाऱ्या तोंडाने बोला. तुम्ही बहिरे आहात!"

"चलाखी करतोस?" गुणवंत उठले. "बँकेतली चलाखी माझ्यासमोर? वायर सैल असेल. स्वप्नील, वायर बघ."

स्वप्नील जागचा हलला नाही.

"स्वप्नील, मी काय सांगतोय?"

"वायर बरोबर आहे अण्णा," स्वप्नील म्हणाला. "दीड-दोन वर्षं झाली. बारीक आवाज येत नाहीत तुम्हाला. मला माहीत होतं."

गुणवंत खाली बसले. त्यांना आठवलं ते वेगळंच. गेल्या वर्षी मंडळात नव्या गायकांना ते सारखं सांगत होते, हल्लीची पिढी शब्द चावते. सगळीच्या सगळी पिढी. रेडिओवरचे निवेदक, टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या मुली, भाजीवाला, सून. सगळे एकदम शब्द चावायला कसे लागले, हा प्रश्न इतक्या हुशार माणसाला एकदाही पडला नव्हता.

"राघो," ते हळू म्हणाले, "बटण तुम्हीच फिरवलंत ना? तुम्हाला स्वप्नीलने सांगितलं होतं?"

"सांगितलं व्हतं," राघो म्हणाला. "मला खरं वाटलं न्हाय. मला वाटलं, पोरगा बापाला वाचवतोय." तो उभा राहिला. "साहेब, मी इथं डबा खपवायला न्हाय आलो. मला बघायचं व्हतं, तुम्ही खोटारडे हाय का बहिरे हाय. मिनल माझी पोरगी."

गुणवंतांना नाव चटकन आठवलं नाही. स्वप्नीलला आठवत होतं. जानेवारीच्या स्पर्धेत हिरव्या साडीतली ती मुलगी शेवटून दुसरी गायली होती. माइकचा सेट राघोचाच होता आणि तो स्वप्नीलच्या शेजारी मिक्सरवर होता. मुलगी लख्ख गायली होती. मग भरल्या हॉलमध्ये अध्यक्षांनी माइक हातात घेऊन विचारलं होतं, "बाळ, तू जन्मापासून बोबडी आहेस की आज तोंडात सुपारी ठेवलीयस? एक अक्षर धड बाहेर पडत नाही." लोक हसले होते. अध्यक्ष बोलले की लोक हसायचेच.

"भर हॉलात तुम्ही तिला बोबडी म्हणालात, त्या दिवसापासून ती गात न्हाय," राघो म्हणाला. "आमच्याकडं घरात कोणी तिच्याशी बोललं की ती आरशात तोंड बघते. जीभ जाड हाय का, ते बघते. तुम्ही खोटारडे असता तर मी काय करायचं ते ठरवून आलो व्हतो. आता बहिरे निघालात. बहिऱ्या माणसाचं काय करणार?" तो गोदडी झटकू लागला.

"बघा!" जितेंद्र म्हणाला. "उद्या मंडळात सगळ्यांना कळू दे. मीच फोन करतो चिटणिसांना."

"बस खाली," अनसूयाबाई म्हणाल्या.

चाळीस वर्षांत त्या घरात त्या अशा आवाजात कधी बोलल्या नव्हत्या. जितेंद्र बसला.

"लाज वाटत नाही? बाप बहिरा निघाला म्हणून तुला पेढे वाटायचेत? एवढाच हुशार होतास तर महिन्यातून एकदा जेवायला येतोस तेव्हा कळलं कसं नाही तुला? आणि तू रे," त्या स्वप्नीलकडे वळल्या, "तुला सगळं माहीत होतं आणि त्या पोरीची शोभा होताना तू बटणं फिरवत बसलास. तुझी नोकरीच आवाजाची. तोंड कुठे गहाण ठेवलं होतंस?" मग त्या नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि मुद्दाम मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलल्या. "आणि मीही तसलीच. घाबरून गप्प बसले. तुम्हाला खरं सांगायला या घरात एकाचीही छाती झाली नाही. बाहेरून माणूस यावा लागला. एवढं मोठं केलंत तुम्ही तुमचं ज्ञान. आता या माणसाला असाच पाठवणार आहात?"

गुणवंतांनी उठून पायजम्यावर सदरा चढवला.

"गाडी काढ," ते जितेंद्रला म्हणाले. "पेणकरपाडा."

राघो वाट दाखवायला पुढे बसला. जितेंद्रने दोनदा आरशातून मागे पाहिलं. वडील खिडकीबाहेर बघत होते, आई वडिलांकडे. ज्या दिवसाची त्याने चोवीस वर्षं वाट पाहिली तो आला होता आणि त्याला तो नकोसा झाला होता.

नव्या इमारतींच्या मागच्या अंगाला राघोचं बैठं घर होतं. त्याची बायको शेवंती अंगणात मासळी साफ करत होती. चेऊलकरांना बघून ती उठली नाही. मिनल दारात आली. एकोणीस-वीस वर्षांची, सडपातळ.

"मी चुकलो," गुणवंत म्हणाले. "मला ऐकू कमी येतं. मला आज कळलं. तू बोबडी नाहीस."

मिनल एकेक शब्द निवडून बोलली. "हे इथे सांगून काय उपयोग? इथे सगळ्यांना माहितीये. तिथे हॉलमध्ये दोनशे लोक होते."

"मग मी काय करू?"

"लिहून द्या."

तिने वहीचा कागद आणि पेन आणून दिलं. गुणवंतांनी ओट्यावर बसून लिहिलं. तिने वाचलं.

"'थोडंसं कमी ऐकू येत असल्याने.' थोडंसं कशाला? खोडा."

त्यांनी खोडलं.

"'काही शेरे अनवधानाने.' काही नाही, एक. तो काय होता तेही लिहा. मी काय ऐकलं ते लोकांना आठवतंय, तुम्ही काय बोललात ते तुम्हालाही आठवू दे."

जितेंद्रने वडिलांना इतक्या मुकाट्याने लिहिताना कधी पाहिलं नव्हतं. तिसऱ्यांदा कागद तिच्या हातात गेला तेव्हा तिने तो दोनदा वाचला आणि परत दिला.

"मंडळाच्या फळ्यावर लावतील?"

"मी अध्यक्ष आहे."

"म्हणूनच विचारतेय."

"मी स्वतः लावतो," गुणवंत म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "गाशील ना आता?"

"ते मी तुम्हाला का सांगू?" मिनल म्हणाली आणि आत गेली.

राघो गाडीपर्यंत आला. त्याचा प्रीअँप चेऊलकरांच्या घरीच राहिला होता. "असू द्या तुमच्याकडं," तो खिडकीत वाकून म्हणाला. "तुम्हाला तोच लागंल. मोठा डबा मात्र पोराचाच ठेवा. चांगला पारखलाय त्याने." जितेंद्रने स्टिअरिंगवरची पकड घट्ट केली. दिवसभरातलं ते एकच चांगलं मत होतं आणि ते त्याला मांडववाल्याकडून मिळालं होतं.

नवघरला मंडळाच्या हॉलबाहेर फळा होता. चिटणीस बबन सावे संध्याकाळच्या बैठकीच्या सतरंज्या झटकत होते. गुणवंतांनी अनसूयाबाईंच्या हातातल्या टाचण्या एकेक घेऊन कागद चारी कोपऱ्यांत टोचला. बबन आले, चष्मा लावून वाचू लागले आणि चौथ्या ओळीला त्यांचा हात कागदाकडे गेला.

"अण्णा, हे काय! आत बसून बोलू. लोक बघतील."

"बघण्यासाठीच लावलंय. हात लावायचा नाही," गुणवंत त्यांच्या नेहमीच्या दरडावणीत म्हणाले. "वाचा. मोठ्याने वाचा, मला ऐकू येत नाही."

बबन पुटपुटले. सतरंज्यांपाशी दोघं-तिघं थांबून इकडे बघू लागले.

जितेंद्र गाडीतून उतरला. हेच ओरडून सांगायची त्याला सकाळी घाई झाली होती. तो बापाच्या शेजारी उभा राहिला आणि त्याने कागद पहिल्या शब्दापासून सहीपर्यंत वाचला, खणखणीत, एकही अक्षर न गाळता. गुणवंत त्याच्या ओठांकडे बघत होते. वाचून संपलं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि हॉलच्या दाराशी खुर्ची ओढून फळ्याखाली बसले, येणाऱ्या प्रत्येकाला तो कागद वाचायला लावण्यासाठी.